घणसोली, शनिवार: एक्स्टेन्शन्सची आवराआवर

सकाळपासून पाऊस. व्हीएस कोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा माझा एडिटर, आवरायला असाच निवांत दिवस हवा. घाईत नको ते उडतं.

एडिटर जड झाला की दिसेल ते एक्स्टेन्शन (वरून बसवलेली जोड-सोय) काढत सुटणं मला पटत नाही. आधी दोषी कोण ते कळू दे. कमांड पॅलेट, म्हणजे आज्ञा शोधायची पेटी, तिथलं 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' उघडलं की कोणाला सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. बिघाड मधेच होत असेल, तर 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट'. निम्मी एक्स्टेन्शन्स बंद होतात, विंडो पुन्हा उघडते, त्रास गेला का ते विचारते. 40 असली तरी सहा-सात फेऱ्यांत नाव हाती लागतं. मात्र प्रत्येक फेरीत फाइल तीच, कृती तीच. एक उत्तर चुकलं की भलत्यावरच आळ येतो.

सगळ्यात छळतं ते जावास्क्रिप्टमधल्या चुका पकडणारा ईएसलिंट आणि कोडची मांडणी नीट करणारा प्रेटियर यांचं भांडण. सेव्ह केल्यावर ईएसलिंट अवतरणचिन्हं एकेरी करतो, पाठोपाठ प्रेटियर ती दुहेरी करतो आणि ओळीखाली लाल रेघ तशीच राहते. इथे दोघांपैकी कोणालाच काढू नये. 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर' हे एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज-भांडार) वरचं पॅकेज घालून ईएसलिंटच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, सर्वांत शेवटी जोडायचं. मांडणीचे नियम ईएसलिंट सोडून देतो, चुका पकडणं चालूच राहतं.

पायथनचं एक्स्टेन्शन जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टला कशाला? 'डिसेबल (वर्कस्पेस)' केलं की तेवढ्याच फोल्डरपुरतं बंद.

नव्या आवृत्तीने घोळ घातला, तर गिअरच्या चिन्हावरून 'इन्स्टॉल स्पेसिफिक व्हर्जन' निवडून जुनी घ्यायची, आणि त्या एकाचं ऑटो अपडेट बंद करायचं. सगळ्यांचं नको, सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात.

महापे-ऐरोलीकडे ज्या ऑफिसात मशीनला बाहेरचं नेट नाही, तिथे व्हीएसआयएक्स, म्हणजे एक्स्टेन्शनची बांधलेली फाइल, आणून 'इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स' करावं लागतं. काही एक्स्टेन्शन्सची फाइल विंडोज, लिनक्स, मॅकसाठी वेगवेगळी असते. एडिटर जुना असेल तर नवी फाइल 'कंपॅटिबल नाही' म्हणून परत येते. पेन ड्राइव्ह भरण्याआधी दोन्ही मशीनवरची एडिटरची आवृत्ती बघावी.

आणि काहीही हलवण्याआधी टर्मिनलमध्ये 'कोड' या कमांडला लिस्ट-एक्स्टेन्शन्स आणि शो-व्हर्जन्स हे दोन फ्लॅग (जोड-पर्याय) देऊन यादी फाइलमध्ये उतरवायची. एका ओळीत एक नाव, @ आणि आवृत्ती. तीच ओळ इन्स्टॉल-एक्स्टेन्शन या फ्लॅगला दिली की नेमकी तीच आवृत्ती परत बसते.