सादळलेली काडी

स्मरणिका समितीचा निरोप आला, शाळेच्या आठवणी लिहून पाठवा. प्रार्थना, मधल्या सुट्टीची घंटा, टाकीमागच्या मारामाऱ्या हे बाकीचे लिहितीलच. मी लिहायला बसलो तर इतिहासाचे सर आणि त्यांची काडेपेटी यांच्यापलीकडे काही सुचेना. सरांचे नाव घालत नाही. जिन्याखालच्या वर्गात बसलेल्यांना ते सांगावे लागणार नाही.

राजे आणि लढाया नंतर, आधी हाताशी असलेली एक सोय घ्या, असा सरांचा खाक्या. ती नव्हती तेव्हा काय करत, ती कोण बनवते, त्यावर कर कोणी बसवला आणि ती बिघडते कशी, हे चार प्रश्न फळ्याच्या डाव्या कडेला वर्षभर लिहिलेले असत. पुसायची कोणाची हिंमत नव्हती.

काडेपेटीच्या तासाला त्यांनी दोन पेट्या आणल्या. पहिलीतल्या पाच काड्या एकामागून एक ओढल्या, पाचही पेटल्या. मग दुसरीतली काडी वर धरून विचारले, "ही पेटेल कशावरून?" सगळा वर्ग ओरडला, "आधीच्या पेटल्या म्हणून!" सरांनी ती ओढली. गुल मेणासारखे पट्टीवर फासले गेले आणि हातात नुसती काडी उरली. पेटी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवली होती.

"तुमची चूक डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने कधीच पकडून ठेवली आहे," सर म्हणाले. आजवर घर्षणामागून ज्योत आली, एवढेच आपण पाहिलेले असते. उद्याही येईल ही खात्री तर्काची नव्हे, सवयीची. आठवीच्या वर्गाला तत्त्वज्ञान एवढ्यावर समजले. याच ह्यूमने १७३९ साली लिहून ठेवले आहे की असल्या शंकांनी डोके भणभणले की तो जेवतो, बॅकगॅमनचा डाव मांडतो, मित्रांत हसतो-खेळतो आणि मग त्या शंका त्यालाच थंड वाटू लागतात. हे सांगताना सर स्वतः फार खूश असत.

पण काडी का पेटली नाही, हे सवयीवर सोडायचे नव्हते. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि हे सारे धरून ठेवणारा सरस. तांबडा फॉस्फरस पेटीच्या पट्टीवर, गुलात नाही. घासताना त्यातला कणभर पांढऱ्या फॉस्फरसात बदलतो, तो भडकतो, क्लोरेट प्राणवायू पुरवते आणि काडीच्या टोकाला मुरवलेले मेण ती आग लाकडापर्यंत नेते. सरसाने ओल धरली की गुल मऊ पडते. शिवाय त्याचा राप पट्टीवर बसला की नंतरच्या कोरड्या काड्याही तिथे नीट पेटत नाहीत. म्हणून सादळलेली काडी आधी सावलीत वाळवावी, चुलीजवळ नेऊ नये. काडी मधोमध धरून अंगापासून दूर ओढावी आणि पेटताच टोक किंचित खाली करावे, म्हणजे ज्योत काडीवर चढते. गुल उभे वर धरले तर ती बऱ्याचदा तिथेच विझते.

इतिहास इथून पुढे. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्याने १८२७ साली विकायला काढली. पुढे पांढऱ्या फॉस्फरसाची काडी आली. ती कुठेही घासा, भिंतीवर किंवा बुटावर, पेटायची. लोकांना ती फार आवडली. बनवणाऱ्यांच्या जबड्याचे हाड मात्र तिच्या वाफेने सडत असे. तांबड्या फॉस्फरसाची निर्धोक काडी स्वीडनमध्ये १८४४ पासून ठाऊक होती, पण तिला पेटीची पट्टीच लागते. शिवाय ती महाग पडे. एवढ्या गैरसोयीपायी पांढरा फॉस्फरस आणखी कित्येक दशके टिकला.

१८७१ साली ब्रिटनचे अर्थमंत्री रॉबर्ट लो यांनी काडेपेट्यांवर कर सुचवला, शंभर काड्यांना अर्धा पेनी. कामगार मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेले आणि कर मागे घ्यावा लागला. १८८८ च्या जुलैत लंडनच्या एका कारखान्यातल्या सुमारे १,४०० स्त्रिया आणि मुलींनी काम बंद केले. त्यांच्या बाजूने लेखणी चालवणाऱ्या ॲनी बेझंट, म्हणजे पुढे होमरूलच्या धड्यात भेटतात त्याच. संप जिंकला, पगारातून कापले जाणारे दंड बंद झाले, पण विषारी काडी चालूच राहिली. तिच्यावर बंदी घालणारा बर्न करार झाला १९०६ मध्ये आणि ब्रिटनचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी. निर्धोक काडी ठाऊक झाली ते साल आणि बंदीचे साल यांतली तफावत सर फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहीत, मग खडू खाली ठेवून नुसते उभे राहत.

खिडक्यांवरचा कर (इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१, कर चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवत) त्यांनी अर्ध्या तासात उरकला. सकाळी पांघरुणातून उठायला स्वतःचीच समजूत घालणारा मार्कस ऑरेलियस तर हजेरी घेता घेता सांगितला. रोमचा सम्राट आणि आपल्यासारखाच अंथरुणाला चिकटलेला!

आता त्या वर्गात मोठा पडदा आहे, असे कळते. त्यावर काडी पेटताना अगदी संथ दिसते म्हणे. दिसत असेल. सादळलेली काडी पट्टीवर फासली जाते तेव्हा बोटाला जे कळते, ते पडदा कसे दाखवणार?

त्या सहामाहीत सरांचा प्रश्न होता: "काडेपेटीवर कर बसवला तर कोणाकोणाला झळ बसेल?" आम्ही गिऱ्हाईक, दुकानदार, कारखानदार, कामगार अशी नावे लिहिली. पाचापैकी चारच्या वर कोणाला मिळाले नाहीत. लंडनमध्ये रिकाम्या पेट्या चिकटवण्याचे काम घरोघरी चाले, १४४ पेट्यांमागे मजुरी मिळे आणि खळ ज्याची त्याने आणायची असे. ती घरे आमच्यापैकी एकानेही लिहिली नव्हती.