‘काढ’ म्हटलं की काढायचं

लातुरात ट्यूशनला आलेली पोरं कधी रस्त्यात, कधी चहाच्या गाड्यावर थांबवून विचारतात, “दादा, आम्हा मित्रांना कॉमेडी पॉडकास्ट करायचाय. माइक कोणता घेऊ? आणि तुमच्यात भांडणं होत नाहीत का?” पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्याचं मी आजवर धड दिलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज देतो.

आधी माइक. माणशी एक साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर. खोली घुमत असेल तर भिंतींना वाकळी लावा. आम्ही २०१८च्या मे महिन्यात औसा रोडवरच्या एका खोलीत सुरुवात केली. परीक्षा होऊन भाडेकरू पोरं गावी गेली की ती रिकामी असायची. पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद, अंगाच्या नुसत्या धारा, आणि भोवती तिघांच्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळी. रेकॉर्डिंग सुरू झालं की एक जोरात टाळी वाजवायची. तिघांच्या तीन फायलींमध्ये ती टाळी उंच सुळक्यासारखी उठून दिसते. सुळका सुळक्याला जुळवला की तिघांचं बोलणं जुळतं. माइकचं एवढंच.

आम्ही तिघं म्हणजे मी, औशाचा आणि उदगीरचा. पहिले दहा भाग आम्ही पुस्तकातल्यासारखं बोललो. घरी ‘येऊलालो’ म्हणणारे आम्ही माइकसमोर ‘येत आहे’ म्हणायचो आणि विनोद जागच्या जागी मरायचा. अकराव्या भागात माइक चालू आहे हे विसरून उदगीरचा मला म्हणाला, “काय करूलालास बे, सरक की तिकडं!” तो तुकडा आम्ही तसाच ठेवला. लोकांचे मेसेज यायला लागले ते त्या भागापासून.

मी खरा शिकलो ते एडिटिंग करताना. औशाचा सावकाश बोलतो. एक वाक्य बोलतो, थांबतो, समोरच्याकडे बघतो, मग पुढचं. मला वाटायचं, ऐकणारा कंटाळेल. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप छाटायची सोय आहे. मी ती लावली, अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी प्रत्येक जागा छाटली आणि बावन्न मिनिटांचा भाग एकेचाळीसवर आणला. ऐकला तर एकाही ठिकाणी हसू येईना. शब्द तेच होते, किस्सा तोच होता, मी फक्त त्याचं थांबणं काढून टाकलं होतं.

त्याला हे सांगितलं तेव्हा कळलं, की लहानपणी तो चुलत्यासोबत भारुडात झांज धरायचा. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली आणि ती आजही आमच्याकडं जत्रेत, सप्ताहात उभी राहतात. भारूड म्हणणारा माणूस ओळ टाकून समोरच्या बायाबापड्यांकडे बघत राहतो. हसू त्या बघण्यात पिकतं, पुढची ओळ नंतर येते. आमच्या मातीत चारशे वर्षं मुरलेली गोष्ट मी एका बटणानं कापत होतो. त्या दिवसापासून त्याच्या शांततेला मी हात लावलेला नाही.

तीन फायली एकाखाली एक दिसत असल्यानं आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसली. उदगीरच्याचं वाक्य जिथं संपायला येई तिथं माझी रेघ उसळलेली असायची, भागामागून भाग. त्याच्या विनोदाचा शेवटचा शब्द माझ्या बोलण्याखाली गाडला जात होता. त्यानं एकदाही तक्रार केली नव्हती. नंतर कितीतरी महिने तो बोलताना मी डावा हात तोंडावर ठेवून बसायचो.

आता भांडणाचं. २०१९ साली आम्ही २०१६च्या दुष्काळावर भाग केला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये, असं १४४ कलम लागलेलं. औशाचा म्हणाला, “आमच्या घरातच सहा माणसं. घागर घेऊन निघालो की एकाला परत पाठवायचं, आणि नेमकी घागर त्याच्याच डोक्यावर!” लोक अजून हे वाक्य आम्हाला म्हणून दाखवतात.

त्याच ओघात मी उदगीरच्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्या वर्षी काकांनी देवणी बैलांची जोडी मिळेल त्या भावात विकली. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं उठून त्यांनी रिकाम्या दावणीपुढं बादलीभर पाणी ठेवलं आणि बैलांना हाक मारली. हे त्यानं मला एकदा रात्री एकट्याला सांगितलं होतं. मी ते माइकवर सांगितलं, काकांची हाक काढून दाखवली. तिघंही हसलो. भाग गेला, चांगला चालला.

काकांनी तो गावात पारावर, कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकला. ते कुणालाच काही बोलले नाहीत. फक्त पोरगा लातूरला निघाला की “आज रेकॉर्डिंग हाय का?” असं विचारायचे, ते विचारणं बंद झालं. हे मला दीड महिन्यानं कळलं. भाग आम्ही काढून टाकला, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला होता त्यांच्या फोनमध्ये तो राहिला, आणि काकांच्या हाकेचा तुकडा व्हॉट्सॲपवर फिरत राहिला.

मग मी मूळ फायली पुन्हा ऐकल्या. उदगीरच्याच्या फायलीत तो दोनदा हसतो, आणि लगेच माइकचा स्टँड सरकल्याचा आवाज येतो. तो मागे सरकला होता. एडिटिंग करताना मी तो आवाज खडखडाट समजून साफ केला होता.

मी उदगीरजवळच्या त्यांच्या गावी गेलो, काकांच्या पाया पडलो, चुकलो म्हणालो. ते म्हणाले, “जेवून जा.” ताटात भाकरी आणि तुरीचं वरण होतं. बैलांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

तेव्हापासून आमच्यात एक ठरलेलं आहे. रेकॉर्डिंग झालं की भाग लगेच टाकायचा नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, तिघांनी आपापल्या घरी, एकट्यानं, पूर्ण ऐकायचा. कुणी एकानं ‘काढ’ म्हटलं की तेवढं काढायचं. कामून, हे विचारायचं नाही. मतं मोजायची नाहीत, आणि ‘पण लोक हसतील रे’ हे तर तोंडातूनच काढायचं नाही. तुम्ही मित्रांसोबत सुरू करणार असाल तर माइक घ्यायच्या आधी हे ठरवा. विनोदाला मालमसाला शेवटी एकमेकांच्या घरातलाच लागतो, आणि तो मित्रानं विश्वासानं तुमच्या हातात दिलेला असतो.

पैशाचंही विचारता. माइकचे आणि वायरींचे निघाले. तिघांचीही घरं दुसऱ्या कामांवर चालतात.

भांडणं होतात, व्हय. वेळेवरून होतात, एडिटिंग कुणी करायचं यावरून होतात. गेल्या आठवड्यात औशाच्यानं एकोणिसावं मिनिट काढायला सांगितलं. त्या भागात आम्ही सगळ्यात जास्त तिथंच हसलो होतो. काढलं.