गाडी खाली लावलीय

माथेरानला श्रीमंत होणं सोपं, कारण पुरावा वर येऊच शकत नाही. मोटारींना बंदी. गाडी केवढीही लांबलचक असो, ती दस्तुरी नाक्याला ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून मिनीट्रेनच्या शटलनं जायचं. महाबळेश्वरला हॉटेलच्या अंगणातल्या गाड्या बघून कोण कुठल्या पायरीवर बसणार ते बोलण्याआधीच ठरतं. इथे ती सोय नाही, सगळी भिस्त तोंडावर.

संध्याकाळी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या भरल्या की कार्यक्रम सुरू होतो. "हवा छान आहे नाही?" इथून निघालेला माणूस चहा यायच्या आत स्वित्झर्लंडला पोचलेला असतो. "आम्ही एरवी बाहेरच जातो हो, यंदा हीच म्हणाली, जरा जवळचं बघू." समोरचे गृहस्थ मान डोलावतात, चहाचा घोट घेतात आणि आपली पाळी साधतात. "आमचं कर्जतला फार्महाउसचं काम चाललंय, त्यामुळे यंदा कुठे लांब जाताच आलं नाही." मग सहज खिशात काही टोचल्यासारखं करून किल्ली बाहेर येते आणि टेबलावर बशीशेजारी, बोधचिन्ह वर करून ठेवली जाते. "गाडी खाली लावलीय. ऑटोमॅटिक आहे, नेरळचा घाट कळलासुद्धा नाही."

मला या गप्पा मनापासून आवडतात. त्यांत एक न बोललेला करार असतो. तुमच्या फार्महाउसचा सातबारा मी मागत नाही, माझ्या स्वित्झर्लंडचे फोटो तुम्ही मागू नका. नातेवाइकांपुढे असलं काही चालत नाही. तिथे तुमचा पगार, घराचा हप्ता आणि थोरल्याला बारावीला किती पडले, हे सगळ्यांना तोंडपाठ. ही चैन अनोळखी माणसापुढेच करता येते, तीही परत भेटणार नाही अशा.

एरवी माथेरानला खऱ्या पैशाची सवय जुनी. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून आला, मागोमाग साहेबांचे आणि पारशांचे बंगले उठले. मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं तर नेरळपासून वर सुमारे २१ किलोमीटरचे रूळच टाकले, १९०७ साली गाडी सुरू झाली. श्रीमंती दाखवायचीच तर अशी दाखवावी. किल्ली काय, कुणीही ठेवतो.

आता नवख्यांना श्रीमंत करायला गावही मदत करतं. दस्तुरीला पाय ठेवताच घोडेवाले 'शेठ' म्हणतात आणि लाल मातीत नवे बूट माखलेला कारकूनही पाठ ताठ करून चालायला लागतो. एका घोडेवाल्यानं मला त्याचा हिशेब सांगितला होता. जो शेवटच्या वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, तो पैसेवाला. ज्याला परवडत नाही तो बायकोपोरांसमोर मागितले तेवढे मुकाट देतो.

सकाळच्या नाश्त्याला मात्र सगळे एका रांगेत येतात, कारण तो खोलीच्या भाड्यात असतो. काल "इथे कॉन्टिनेन्टल काही धड मिळत नाही" म्हणून हळहळलेल्या बाई आज दोन उकडलेली अंडी आणि चार केळी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये सरकवतात, तेही रस्त्याकडे बघत, हाताला पत्ता लागू न देता. रात्री त्यांच्याच खोलीतून तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याचा वास येत होता. इतका चांगला वास की दार ठोठवावंसं वाटलं.

खरी कसोटी निघायच्या दिवशी. दस्तुरीला वाहनतळ एकीकडे, नेरळला जाणाऱ्या शेअर टॅक्स्या दुसरीकडे. स्वित्झर्लंडवाले बॅगेची चेन लावत बसले. फार्महाउसवाले मुलाच्या बुटाची नाडी बांधत राहिले, ती तशी बांधलेलीच होती. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, आम्हाला घाई नाही." मी टॅक्सी पकडली आणि निघालो.

नेरळच्या फलाटावर दोन्ही कुटुंबं मागोमाग उगवली.

"घाटाखाली ट्रॅफिक फार लागतं म्हणतात," स्वित्झर्लंडवाले म्हणाले. "म्हटलं, लोकलच बरी."

"आमचं अगदी तेच झालं," फार्महाउसवाले म्हणाले. कर्जतहून लोकल आली, तशी दोघांनी मिळून खिडकीच्या दोन जागा पटकावल्या.