रोखलेले खाते आणि अकरा नावांचा तक्ता

१८ ऑगस्ट २०२५ रोजी, गणपतीच्या खरेदीआधी हाताशी थोडे पैसे असावेत म्हणून, मी कॅशबॅक आणि रेफरल बक्षिसे देणाऱ्या एका संकेतस्थळावर ७,३४० रुपये काढण्याची विनंती टाकली. दहा मिनिटांत ई-मेल आला की माझ्या खात्यात ‘संशयास्पद हालचाल’ आढळली असून चौकशी पूर्ण होईपर्यंत ते रोखून ठेवण्यात आले आहे. कोणती हालचाल, कोणत्या दिवशीची आणि कोणत्या नियमाच्या विरुद्ध, यातले काहीही त्या ई-मेलमध्ये नव्हते. मी नाशिकमधील एका पतसंस्थेत सतरा वर्षे वसुलीचे काम पाहते. थकलेल्या कर्जदाराला नोटीस काढतानासुद्धा आम्हाला रक्कम, मुदत आणि कर्जरोख्यातले कलम लिहावे लागते, त्यामुळे कारण न देता पैसे अडवण्याची ही पद्धत मला रकमेपेक्षाही जास्त खटकली.

अशा संकेतस्थळाचा व्यवहार थोडक्यात असा असतो. त्यांच्या दुव्यावरून आपण एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर गेलो आणि खरेदी केली, की ते दुकान त्यांना कमिशन देते आणि त्यातला काही भाग ते आपल्याला कॅशबॅक म्हणून देतात. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत ही रक्कम ‘प्रलंबित’ दिसते आणि दुकानाने विक्री मान्य केल्यावर ती ‘निश्चित’ होते. रेफरलचे बक्षीस निराळे असते. आपल्या दुव्यावरून नवा माणूस सदस्य झाला आणि त्याने पहिली खरेदी केली, की आपल्याला ठरलेली रक्कम मिळते. माझ्या ७,३४० रुपयांपैकी ४,५९० रुपये माझ्या स्वतःच्या दोन वर्षांच्या खरेदीवरचा निश्चित कॅशबॅक होता आणि २,७५० रुपये अकरा जणांना जोडल्याबद्दल प्रत्येकी २५० प्रमाणे मिळालेले होते. दोन्ही रकमा एकाच वॉलेटमध्ये एकत्र दिसतात. त्या वेगळ्या आहेत हे मलाही आठवडाभर सुचले नाही.

पहिल्या दोन दिवसांत मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. मदत विभागाच्या चौकटीत मी चार संदेश लिहिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब आणि आधीच्यापेक्षा रागावलेला. आपण कसे प्रामाणिक आहोत, एवढ्या वर्षांत कोणाचा एक रुपया बुडवला नाही, असे सगळे त्यात होते आणि मुद्दा एकही नव्हता. २० तारखेला उत्तर आले की निर्णय स्वयंचलित तपासणीवर आधारलेला असून तो अंतिम आहे. चार संदेशांमुळे चार वेगवेगळी तिकिटे, म्हणजे तक्रारीच्या स्वतंत्र नोंदी, तयार झाली होती आणि प्रत्येकाला तेच साचेबंद उत्तर चिकटले होते. एकाच तिकिटावर लिहीत राहिले असते तर निदान सगळा पत्रव्यवहार एका जागी राहिला असता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. त्या संकेतस्थळाचा फोन क्रमांक मिळतो का म्हणून मी शोधाशोध केली आणि एका टेलिग्राम गटात माझी अडचण लिहिली. अर्ध्या तासात एका ‘अधिकाऱ्याने’ संपर्क साधला आणि ५०० रुपये ‘पडताळणी शुल्क’ भरल्यास खाते लगेच मोकळे होईल असे सांगितले. आमच्या संस्थेत अशा फसवणुकीची दोन प्रकरणे येऊन गेलेली असल्यामुळे मी सावध होते, तरीही क्षणभर मोह झाला. अडकलेला पैसा सोडवण्यासाठी कोणी आणखी पैसा मागितला तर तो भामटाच असतो. पैसे दिलेच गेले असतील तर विनाविलंब १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे लागते.

त्यानंतर मी कार्यालयातली सवय घरी वापरली. खाते रोखलेले असले तरी व्यवहारांची यादी अजून दिसत होती आणि ती कधी दिसेनाशी होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक पानाचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घेतले. ‘तुमचा कॅशबॅक निश्चित झाला आहे’ असे त्यांनीच पाठवलेले सारे ई-मेल एका फोल्डरमध्ये काढले. मग नियम व अटींचे पान पहिल्यांदाच सबंध वाचले आणि त्या दिवशी ते जसे होते तसे पीडीएफ करून ठेवले, कारण अशा अटी केव्हाही बदलता येतात हेही त्या अटींमध्येच लिहिलेले होते.

वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. एका उपकरणावर एकच खाते चालवावे आणि पैसे घेण्यासाठी एक यूपीआय आयडी एकाच खात्याला जोडावा, असे तिथे स्पष्ट होते. मी जोडलेल्या अकरा जणांपैकी सासूबाई, जाऊबाई, मुलगी आणि नणंद या चौघींची खाती मीच, माझ्याच फोनवरून, जेवणाच्या टेबलाशी बसून उघडली होती. ओटीपी त्यांच्या त्यांच्या क्रमांकावर आले होते आणि खरेदीही त्यांचीच खरी होती, पण फोन माझा होता. सासूबाईंकडे यूपीआय नसल्यामुळे त्यांच्या खात्याला मी माझाच आयडी दिला होता. संगणकाच्या नजरेने पाहिले तर ही एकाच बाईने बक्षिसासाठी रचलेली चार खोटी माणसे होती, आणि मी त्या जागी असते तर मलाही तसेच वाटले असते.

उरलेल्या सात जणांचे काय, हा प्रश्न होता. त्यांपैकी पाच माझे सहकारी होते, त्यांनी आपापल्या फोनवर खाती उघडली होती. एक लातूरची बहीण आणि एक पणजीला स्थायिक झालेली वर्गमैत्रीण. यांच्यावर संशय का यावा हे कळेना. ब्रॉडबँड कंपनीत काम करणाऱ्या भाच्याला विचारले तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, “मावशी, ऑफिसातल्या लोकांनी खाती उघडली तेव्हा ते ऑफिसच्या वाय-फायवर होते का?” होते, सगळे होते. मग त्याने समजावले की एका ब्रॉडबँड जोडणीवरची सगळी माणसे बाहेरच्या संकेतस्थळाला एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखणाऱ्या एकाच क्रमांकावरून, आल्यासारखी दिसतात. मोबाइलवरही तसे होऊ शकते, कारण आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत जगभरासाठी मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत आणि ते अपुरे पडत असल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. म्हणजे एकच पत्ता दिसला म्हणून माणूस एकच, असे म्हणता येत नाही. सलग दोन दिवसांत पाच नवी खाती, एकाच पत्त्यावरून आणि एकाच दुव्याने उघडलेली पाहून त्यांच्या यंत्रणेची घंटा वाजली असावी, हा भाच्याचा तर्क मला पटला.

आता माझ्या तक्रारीला आकार आला. अकरा नावांचा तक्ता केला. खाते उघडल्याची तारीख, कोणाचा फोन, कोणती जोडणी, पैसे घेण्याचे साधन कोणाचे आणि पहिल्या खरेदीचा महिना असे रकाने आखले. सहकाऱ्यांची माहिती त्यांना विचारूनच लिहिली आणि त्यांचे पूर्ण मोबाइल क्रमांक न देता शेवटचे चार आकडे दिले. लेखापाल मॅडम म्हणाल्या, “एवढ्या पैशांसाठी एवढा तक्ता?” त्यांना सांगितले की थकबाकीदाराच्या बाजूने कागद कसा करतात हे एकदा करून पाहते आहे.

नियमांच्या पानाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल पत्ता होता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ई-कॉमर्स संस्थेने असा अधिकारी नेमून त्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करायचा असतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत ती निकाली काढायची असते. तरीही मी पत्रात कायद्याचा धाक घातला नाही, आणि त्याला कारण होते. कायद्याने ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती. मी तर या संकेतस्थळाला थेट एक रुपयाही दिलेला नव्हता. माझ्या खरेदीमुळे त्यांना कमिशन मिळते हे खरे, पण त्यावर वाद घालायला त्यांच्या वकिलाला भरपूर जागा होती. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. ती योजना बँका, बिगर-बँक वित्तीय कंपन्या, पेमेंट वॉलेट अशा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील संस्थांपुरती आहे. या संकेतस्थळाच्या पानावर ‘वॉलेट’ हा शब्द असला तरी ती नुसती बक्षिसांची नोंदवही होती, म्हणून तो मार्ग सोडून दिला.

२५ ऑगस्टला पाठवलेले पत्र दीड पानाचे होते. त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत असल्याने तेही साध्या इंग्रजीत लिहिले. सुरुवातीलाच मान्य केले की चार खाती माझ्या फोनवरून उघडली गेली, त्यांपैकी एकाला माझा यूपीआय आयडी जोडला गेला, ते नियमाला धरून नव्हते आणि त्या चौघींपोटी मिळालेल्या १,००० रुपयांवर मी दावा करत नाही. दुसऱ्या परिच्छेदात उरलेल्या सात जणांची वस्तुस्थिती तक्त्यासह मांडली आणि कार्यालयातील जोडणी सामायिक असल्याचे सांगितले. तिसरा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटत होता. ४,५९० रुपये हे माझ्या स्वतःच्या खरेदीवरचे होते, दुकानांनी त्या विक्री मान्य केल्याचे त्यांनीच ई-मेलने कळवले होते, आणि रेफरलच्या नियमभंगासाठी निश्चित कॅशबॅक जप्त करण्याची तरतूद त्यांच्या अटींमध्ये नव्हती. ती असल्यास कलमाचा क्रमांक कळवावा, अशी विनंती केली. शेवटी मागणी एका वाक्यात लिहिली, की खाते मोकळे करून ६,३४० रुपये द्यावेत.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. मग गणपती आले, विसर्जनही झाले, आणि १२ सप्टेंबरला ओळखपत्राची प्रत व ते हातात धरून काढलेला फोटो मागणारा ई-मेल आला. संपूर्ण आधार क्रमांक कोणालाही पाठवायची माझी तयारी नव्हती. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार उतरवून घेता येते, ते घेतले आणि त्यावर ‘फक्त खाते पडताळणीसाठी’ असे तारखेसह लिहून पाठवले. फोटोही तीच प्रत हातात धरून काढला. त्यांनी ते निमूटपणे स्वीकारले. बहुतेक जण मागितले म्हणून संपूर्ण कार्ड पाठवून मोकळे होतात, हे मी कर्ज विभागात रोज पाहते.

२५ सप्टेंबरला महिना पूर्ण झाला तरी निर्णय नव्हता. एक स्मरणपत्र पाठवले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलता येते, हे मला त्याच दिवशी कळले. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि दावा दाखल होण्याआधीच ती मिटावी असा प्रयत्न करते. पलीकडच्या मुलीने मला मध्येच थांबवून विचारले, “मॅडम, तुमची मागणी नेमकी किती रुपयांची?” वहीत लिहिलेलेच होते, ते वाचून दाखवले. तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक मोबाइलवर आला, तो मी संकेतस्थळाशी चाललेल्या जुन्या ई-मेलच्या साखळीतच कळवला आणि पत्र व तक्ता पुन्हा जोडला. यातूनही काही झाले नसते तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणे हा पुढचा टप्पा होता. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना तिथे शुल्क लागत नाही. पण ग्राहक कोण या प्रश्नामुळे मी तिथवर गेले असते की नाही, याबद्दल मनात शंका होती आणि आजही आहे.

७ ऑक्टोबरला तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर आले. या वेळी ते कोणा माणसाने लिहिलेले होते, कारण त्यात माझ्या तक्त्यातल्या ओळींचे क्रमांक होते. पहिल्या चार ओळींची बक्षिसे रद्द, पाच ते अकरा मान्य, निश्चित कॅशबॅक मान्य आणि खात्यावरची बंदी उठवली, असा एकूण निर्णय होता. खाते का रोखले होते याचा खुलासा मात्र याही पत्रात नव्हता. आयपी पत्त्याबद्दलचा भाच्याचा तर्क खरा होता की नाही, हे मला कधीच कळले नाही. ९ ऑक्टोबरला, म्हणजे विनंती टाकल्यापासून ५२ दिवसांनी, ६,३४० रुपये बँकेत जमा झाले.

चौघींची खाती त्यांनी कायमची बंद केली. जाऊबाई आणि नणंद यांच्या खात्यांत काहीच शिल्लक नव्हते, मुलीला त्याचे सोयरसुतक नव्हते, पण सासूबाईंनी मिक्सर घेतला होता त्याचे ११२ रुपये त्यांच्या खात्यात अडकले आणि बुडाले. त्यांनी दोनदा विचारले, “अगं, माझे आले का?” तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी ते माझ्या पाकिटातून काढून त्यांच्या हातावर ठेवले.