तुम्ही विचारलंत म्हणून: वहीवरची सतरा अंकी संख्या

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या लिहिलेली आहे, आणि शिकवणीच्या मुलांचे पालक ती पाहून हमखास विचारतात, "सर, हा कसला पासवर्ड?" एकशे तेवीस कोटी कोटींहून थोडी मोठी असलेली ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे.

१११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी प्रत्येकी एक घर डावीकडे सरकवून मांडतो. त्यामुळे उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे एकक जमतात आणि उत्तर १२३२१ येते. नऊ ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात नऊ एकक येतात, कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून अंकांची ही चढण आणि उतरण अबाधित राहते.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले. यांत दोन टोकांच्या भागांची बेरीज केली की जो अंक मिळतो, एकदा किंवा पुन्हा पुन्हा, तोच मधल्या भागातही असतो. डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवलीचे रेल्वे स्थानक. ही कल्पना त्यांना तेथे सुचली. १६५ मध्ये दोन टोकांच्या १ आणि ५ ची बेरीज ६ येते आणि मध्ये ६ च आहे. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात आणि मध्ये पाचांची जोडी आहे. आमच्या संख्येत मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज करा, ९९९९९९९९ मिळतील. लोकलची वाट पाहत मोबाइल चाळणाऱ्या आम्हा मंडळींना हे नाव थोडे टोचते, हे मान्य करायला हवे.

अंकांची बेरीज ८१. त्या ८१ ने संख्येला गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, कारण ८१ हा नवाचा वर्ग आहे आणि नऊ एकांना नवाने गुणले की नऊ नऊच होतात. मूळ अवयव मात्र दिसण्याइतके देखणे नाहीत: ३, ३७ आणि ३३३६६७, त्यांपैकी ३ चार वेळा आणि बाकीचे दोन-दोन वेळा येतात.

मग दहा एकांचा वर्ग केला तर? बहुतेक मुले घाईने १२३४५६७८९१०९८७६५४३२१ लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात मधल्या रकान्यात दहा जमतात, तेथे शून्य मांडून हातचा एक डावीकडच्या नवाला द्यावा लागतो. त्याचेही दहा होतात, तेथेही शून्य राहते आणि हातचा आठाला मिळून त्याचे नऊ होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून चढताना सातानंतर आठ कुठे गेला, असे मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना तो हातचा दाखवतो.