सिएनात, कॅथरीनसमोर

आज इटलीतल्या सिएनाच्या सान दोमेनिको चर्चमध्ये संत कॅथरीनला भेटले. तिचं शिर इथे जपून ठेवलंय, गर्दी सगळी तिकडेच. माझा पाय मात्र आन्द्रेआ वान्नीच्या भित्तिचित्रापासून निघेना. तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसाने काढलेलं चित्र! एका हातात लिली, दुसऱ्या हाताची बोटं गुडघे टेकलेल्या बाईच्या ओठांपाशी. किती साधं, किती जवळचं. कापड रंगवणाऱ्याची ही लेक. पोपना फ्रान्समधलं आव्हिन्यों शहर सोडून रोमला परत या म्हणून तिने पत्रं धाडली होती, आणि १३८० मध्ये वारली तेव्हा जेमतेम ३३ वर्षांची! निघताना एक आजी आल्या. मेणबत्ती लावली आणि हलक्या आवाजात तिच्याशी बोलत बसल्या, शेजारणीशी बोलावं तसं. मला भरूनच आलं.