तीन सहा दोन पाच सात तीन

आमच्या कोथरूडच्या घरी फोन आला त्याच्या कितीतरी आधी मला एक सहा आकडी नंबर पाठ झाला होता. तीन सहा दोन पाच सात तीन. तो लावला की कुणी फोन उचलत नसे, गिटार सुरात लागत असे.

नंबर आईचा. म्हणजे तिच्या पेटीचा. गिटारच्या सहा तारा जाड्या तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा स्वरांत लावतात, एवढं माझ्या पातळशा पुस्तकात होतं. पण हे ई आणायचं कुठून, ते लिहिलेलं नव्हतं. आईने पेटी पुढे ओढली, भात्याची कडी काढली आणि विचारलं, "तुझं ते ई म्हणजे आमचं काय?" पुस्तकात पियानोच्या पट्ट्यांचं एक चित्र होतं. ते पेटीशेजारी धरून आम्ही दोघांनी बोट ठेवून मोजलं. पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या. काळीला हात लावायचं कामच नाही. आई म्हणाली, "सोपं दिसतंय वाद्य." हे वाक्य तिने आजतागायत मागे घेतलेलं नाही.

गिटार आली 1985 मध्ये, माझ्या दहावीच्या निकालानंतर. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात बाबांनी ती अशी निरखून पाहिली, की जणू सागवानी पलंग घ्यायचाय. ठोकून बघितली, उलटी केली, भोकात डोकावले. मग लूनावर बाबा पुढे, मी मागे आणि दोघांच्या मध्ये उभी गिटार, अशी वरात निघाली. अलका चौकात सिग्नलला शेजारच्या सायकलवाल्याने चौकशी केली, "काय, तंबोरा का?" बाबा मान न वळवता म्हणाले, "नाही, खर्च."

पहिले सहा महिने मी जे वाजवलं त्याला घरात 'चाललंय' एवढंच म्हणत. बोटांची सालं निघाली, मग घट्टे पडले. एफ नावाची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा झुबका, असते. तिच्यात तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून उरलेल्या बोटांनी बाकीचं सांभाळायचं असतं. त्या एफने माझी अख्खी दिवाळीची सुट्टी खाल्ली. दुपारी एक ते चार गिटार बंद, हा बाबांचा कायदा. दुकानांना जो नियम तोच घराला.

बाबांचा आक्षेप मात्र नुसता झोपेचा नव्हता, तात्त्विक होता. त्यांच्याकडे 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड होती. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. "ही गिटार. तू करतोस ते खरवडणं." काब्रा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची कांडी सरकवत, त्यामुळे त्यांना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येई. माझ्या बोटांखाली पडदे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे जिन्याची पायरी चढल्यासारखं, मींड कुठली निघायला? तार ओढून थोडीफार निघते, पण ती बाबांना दातदुखीसारखी वाटायची.

इथे आई मध्ये पडली. म्हणाली, "पेटीला तरी कुठे मींड आहे? आणि पेटी काय आपल्या आळंदीची आहे?" मुद्दा बिनतोड होता. पेटीसुद्धा साहेबांच्या मुलखातूनच आलेली. स्वर पट्टीला जखडलेले, म्हणून 1940 मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. तरी आपल्या भजनात, कीर्तनात, नाटकात ती अशी काही बसली, की आता तिला परकी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. आमच्या घरात याला मान्य करणं म्हणतात.

खरं सांगायचं तर मला गिटार हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी. 1973 मधल्या 'चुरा लिया है तुमने'ची सुरुवात. चमचा-ग्लासाच्या किणकिणाटानंतर जी गिटार येते, ती ऐकून माझ्या पोटात काहीतरी व्हायचं. आपण स्टेजवर उभे आहोत, आपण छेडलं आणि सगळे गप्प झाले, असं ते स्वप्न. ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलीय हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाबांना सांगितलं, तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "तो गझलवाला? एवढा चांगला गाणारा माणूस गिटार वाजवायचा?" त्या दिवसानंतर 'खरवडणं' हा शब्द घरातून गेला.

स्टेजचं स्वप्न मात्र कॉलेजच्या पहिल्याच वर्षी निकालात निघालं, आणि दोष कुणाला द्यायचा तर आईच्या पेटीला. ती पेटी वर्षानुवर्षं सगळ्या जगापेक्षा किंचित चढी बोलत होती. घरात तिच्याशिवाय दुसरं वाद्यच नाही, तेव्हा कळणार कसं? मी 362573 करून अगदी सुरात गिटार घेऊन तालमीला गेलो आणि तिथल्या कीबोर्डवाल्याने दोन मिनिटांत माझ्याकडे असं पाहिलं, की मी चप्पल घालून देवघरात शिरलोय. जगात मी बेसूर होतो. घरी आलो तर परत सुरात. मग मी जास्त घरीच वाजवायला लागलो.

आणि घरी वाजवायचं म्हणजे साथ करायची. आई काळी चारमध्ये गाते, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. बाबांची काळी एक. गिटारच्या सोप्या कॉर्ड मोकळ्या तारांवर बसतात, त्यामुळे तिला काळ्या पट्ट्यांचं वावडं. आईने "काळी चार दे" म्हटलं की मला घाम. यावर इलाज असतो कॅपो. गिटारच्या मानेला लावायचा एक चिमटा. तो लावला की सगळ्या तारा तिथून पुढे बोलू लागतात, बोटांच्या सवयी त्याच ठेवून पट्टी तेवढी वर जाते. तेव्हा माझ्याकडे कॅपो नव्हता. मी पेन्सिलीचा तुकडा तारांवर आडवा ठेवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मानेभोवती करकचून बांधली. चौथ्या पडद्यावर. ई धरला की काळी चार. आणि तिथेच, काही न हलवता, ए धरला की काळी एक! आईबाबांचं आयुष्यात फारशा गोष्टींवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. पण चौथ्या पडद्यावरच्या त्या पेन्सिलीवर दोघं गुण्यागोविंदाने गायले.

कोजागिरीला गच्चीवर हा कार्यक्रम ठरलेला. दूध आटेपर्यंत आईची दोन-तीन भावगीतं, एखादा अभंग. अभंगाला गिटार छान वाजते, भजनी ठेका उजव्या हातात आपोआप येतो. नाट्यगीताला मी हात जोडतो. तिथे आई कुठल्या जागेवरून कुठे जाईल याचा भरवसा नाही आणि माझ्या कॉर्ड बिचाऱ्या एसटी चुकलेल्या माणसासारख्या स्टँडवर उभ्या राहतात. शेवटी बाबा. वर्षातून एक गाणं, दरवर्षी तेच, दुसरं कडवं दरवर्षी विसरून. विसरले की माझ्याकडे रागाने बघायचे, जणू मीच चुकलोय. मी तेवढे चार-आठ ठोके नुसता ए वाजवत थांबायचो. साथीदाराला एवढं तरी आलंच पाहिजे. गाणाऱ्याला आठवेपर्यंत कळू न देता थांबणं मला एफपेक्षा अवघड गेलं.

पुढे खरा कॅपो आला. आई त्याला चिमटाच म्हणते. लग्न झालं, बायको गात नाही, पण कुठलं गाणं कुठे रेंगाळलं हे तिच्या पायाच्या ठेक्यावरून मला कळतं. मुलगी झाली, ती गाते. ती म्हणते, "बाबा, ए शार्प." आजी म्हणते, "काळी पाच म्हण की." मी मध्ये दुभाषा. मुलीच्या फोनमध्ये सूर लावायचं अॅप आहे, तार छेडली की सुई हिरव्यात येते. आईची पेटी एकदा त्याला ऐकवली, तर सुई लाल होऊन बसली. आई म्हणाली, "त्याला सांग, आधी पेटीला लाव."

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचं गाणं आता मुलगी म्हणते. तिला दुसरं कडवं पाठ आहे. पण तिथे आलं की माझा हात सवयीने चार ठोके जास्त घेतो आणि ती माझ्याकडे आजोबांसारखं बघते.

आई आता ब्याऐंशीची आहे. तिची काळी चार केव्हा सुटली ते मला तारखेनिशी सांगता येणार नाही. एका कोजागिरीला म्हणाली, "आज घसा बसलाय, जरा खाली घे." मी चिमटा तिसऱ्या पडद्यावर आणला. पुढच्या वर्षी घसा बसलेला नव्हता, तरी चिमटा तिसऱ्यावरच राहिला. मग दुसरा पडदा, काळी तीन. तिथे ती बरीच वर्षं रमली. मग पहिला. दरवेळी आम्ही दोघं घसा, दही, हवा असं कशाबद्दल तरी बोललो, पट्टीबद्दल बोललो नाही.

या वर्षी गच्चीचे जिने नकोत म्हणून हॉलमध्येच बसलो. मी चिमटा पहिल्या पडद्यावर लावला. आईने षड्ज लावून पाहिला, थांबली आणि बोटाने खाली अशी खूण केली. मी चिमटा काढून मांडीशेजारी ठेवला. मोकळी तार छेडली, जाडी, पहिली.

"ही पांढरी तीन," आई म्हणाली. "नंबरातली पहिली."

"हो."

ती गायली. अभंग पूर्ण झाला, दूध झालं. मग गिटारच्या मानेकडे बघत म्हणाली, "आता याच्या खाली नाही ना जाता येत?"

"येतं की. खुंट्या आहेत. सगळ्या तारा थोड्या थोड्या उतरवायच्या."

आईने कपातली साय बोटाने काढून खाल्ली, विचार केला.

"राहू दे मग," म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."